बुडालेली बारी

आमच्या घरात फोन आला आणि तिसऱ्या महिन्यात मला बक्षीस लागलं. तोवर त्या फोनवर दोनच प्रकारचे निरोप यायचे. कुणीतरी गेलं, नाहीतर कुणीतरी येतंय. मी दुसऱ्या निरोपाला जास्त घाबरायचे, कारण येणाऱ्यांना जेवू घालावं लागतं.

हा फोन तिसऱ्याच प्रकारचा निघाला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, जालन्याच्या साडीच्या दुकानात मी जे कुपन भरून डब्यात टाकलं होतं त्यातून माझं नाव निघालं आहे. येत्या रविवारी औरंगाबादच्या एका हॉटेलात येऊन भेटवस्तू घेऊन जायची. अट एकच, नवरा-बायको दोघांनी यायचं. आमच्या लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती, आणि सत्यनारायण सोडला तर आम्ही दोघांनी जोडीनं हजर राहावं असा आग्रह आजवर कुणी धरला नव्हता. मी लगेच हो म्हटलं.

सत्त्याण्णव सालचा मार्च महिना होता. आम्ही अंबडला राहायचो. नवरा हायस्कुलात गणित शिकवायचा आणि मी मुलींच्या शाळेत भूगोल. थंड हवेची ठिकाणं, त्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची, तिथलं पर्जन्यमान, सगळं मला तोंडपाठ होतं. त्यातलं पाहिलेलं एकही नव्हतं. आमची उंचावरची जागा म्हणजे गावातली देवीची टेकडी, आणि तिथंही नैवेद्याचा डबा घेऊनच चढायचं.

उन्हाळ्याची सुट्टी मुलांना लागायची, नवऱ्याला लागायची. मला फक्त शाळेची लागायची. एक मे उजाडला की दोन गोष्टी व्हायच्या. एकतर आम्ही सासरच्या गावी जायचो आणि तिथं मी स्वयंपाक करायचे, नाहीतर गावची मंडळी अंबडला यायची आणि इथं मी स्वयंपाक करायचे. मंठ्याचा दीर, भोकरदनची नणंद, त्यांची पोरं. माणसं सगळी लाघवी. भांडायला काही जागाच ठेवायची नाहीत, हाच मोठा ताप होता.

रविवारी आम्ही दोघं निघालो तर सासरे चप्पल घालून दारात तयार. त्यांना सगळं घर दादा म्हणायचं. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असायचे, आणि आठवड्यातून दोनदा एस.टी.नं गावाकडे जाऊन मोसंबीची बाग बघून यायचे.

"दादा, तिथं जोडीनं बोलावलंय," नवरा म्हणाला.

"मी काय मधी बसून राह्यलो का? फुकट कोण देतंय तेवढं पाह्यचं मला."

त्या हॉटेलात इतकी गार हवा सोडली होती की दादांनी उपरण्यानं कान बांधून घेतले. गोल टेबलांवर आमच्यासारखीच नटूनथटून आलेली जोडपी बसली होती. आमच्या टेबलाला एक तिशीची बाई आली. कॉटनच्या साडीवर काळा कोट, हातात जाडजूड अल्बम. तिनं आधी आम्हाला विचारलं, गेल्या पाच वर्षांत आपण कुटुंबासह कुठं कुठं फिरायला गेलात? नवऱ्यानं आठवून आठवून सांगितलं, मंठा, भोकरदन, आणि एकदा परभणी, पण ते सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नाला. बाईनं तेही लिहून घेतलं.

मग तिनं योजना समजावली. डोंगरातलं, समुद्राकाठचं असं एखादं मोठं रिसॉर्ट. तिथली एक खोली आपण एकटे विकत घेऊ शकत नाही. पण पन्नास कुटुंबांनी मिळून घेतली तर प्रत्येकाला वर्षातला एक आठवडा मिळतो. एकदाच पैसे भरायचे, आणि पुढची पंचवीस वर्षं दरवर्षी सात दिवस हक्काचे. नवरा मान डोलवत होता, म्हणजे त्याला कळत नव्हतं. वर्गात न कळणारी पोरं अशीच मान डोलवतात हे तोच मला सांगायचा.

दादांनी मात्र कानावरचं उपरणं सोडलं.

"म्हंजे विहिरीवानी," ते म्हणाले.

बाई थांबली. दादा खुर्चीतून पुढं सरकले आणि तिला विहीर समजावू लागले. आमच्या गावाकडची विहीर चौघा चुलत भावांची. प्रत्येकाचा चार आणे हिस्सा. आठ दिवसांत दोन-दोन दिवस एकेकाची बारी, म्हणजे पाणी घ्यायची पाळी. त्या दोन दिवसांत पाणी त्याचंच, मोटर त्याचीच, दुसऱ्यानं विहिरीकडे फिरकायचंसुद्धा नाही. बारीच्या दिवशी वीज गेली, मोटर जळाली, तर बारी बुडाली असं म्हणायचं, आणि बुडालेली बारी बाकीच्यांनी मागाहून भरून द्यायची. हा नियम दादांच्या आजोबांपासूनचा. तो मोडणाऱ्या एका चुलत भावाशी दादा चार वर्षं बोलले नव्हते, आणि भरून दिल्यावर त्याच संध्याकाळी त्याच्याकडे जेवायला गेले होते.

"करेक्ट, अंकल," बाई म्हणाली. "अगदी तसंच आहे."

तिथून पुढे ती आम्हाला विकायचं विसरली. दादाच विचारत होते आणि दादाच पटवून घेत होते.

"ऐन उन्हाळ्यात बारी कोणाची? मे महिन्यात समद्यालाच पाणी लागतं."

"अंकल, मे महिना लाल हंगामात येतो. त्याचं सभासदत्व वेगळं असतं. थोडं महाग."

"बराबर. उन्हाळ्याचं पाणी महागच राह्यतं. मंग गाळ कोण काढतं?"

बाईला गाळ कळेना. नवऱ्यानं सांगितलं की ते देखभालीबद्दल विचारताहेत. त्यासाठी दरवर्षी वेगळं शुल्क भरायचं, असं ती जरा हळू आवाजात म्हणाली. दादा खूश झाले. गाळ न काढणारी विहीर घेऊच नये, असं त्यांनी तिलाच सांगितलं.

"आपली बारी दुसऱ्याला देता येती का?"

"हो, अंकल. नातेवाईक, मित्र, कुणालाही."

"बिलकुल बराबर. अन् सातबाऱ्यावर नाव लागंल का?"

बाईनं अल्बम चाळला. त्यात सातबारा नव्हता. एक सोनेरी काठाचं प्रमाणपत्र होतं, ते तिनं दाखवलं. तलाठ्याचा शिक्का नसलेला कागद दादांनी उलटा करून पाहिला, दिव्याकडे धरून पाहिला, आणि नाइलाजानं खाली ठेवला. तेवढा एक मुद्दा सोडला तर ते मनानं सभासद झालेच होते.

मी या सगळ्यात बोलत नव्हते, कारण मी फोटो बघत होते. अल्बमच्या मधल्या पानावर एका गॅलरीचा फोटो होता. दोन वेताच्या खुर्च्या, मधल्या टेबलावर एकच कप, समोर धुक्यातली दरी. खुर्च्यांत कुणी नव्हतं. कप कुणी आणून ठेवला तेही दिसत नव्हतं, आणि तेच मला सगळ्यात आवडलं. मला ती खुर्ची हवी होती. सात दिवस तिथं बसून राहायचं, आज भाजी कोणती हा विचार करायचा नाही, एवढंच. इतकी हाव मला त्याआधी दागिन्याचीही सुटली नव्हती.

बाईनं पान उलटलं. "आणि मॅडम, तुमच्यासाठी सगळ्यात छान गोष्ट म्हणजे हे."

दोन शेगड्यांचा गॅस, स्टीलचा ओटा, भिंतीला लावलेली कढई, पळ्या, कुकर. प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्वयंपाकघर. बाहेरच्या जेवणाचा खर्च नको, घरच्यासारखं करून खा.

"हे बेस झालं," दादा म्हणाले. "बाहेरचं खाल्लं की मला जळजळतं."

त्या दिवशी सही करणाऱ्याला सूट होती, दुसऱ्या दिवशी नाही. तिथं मात्र दादांमधला शेतकरी जागा झाला. आज घेतला तरच हा भाव म्हणणाऱ्याचा बैल मी घेत नाही, असं त्यांनी तिला हसतच सांगितलं. शेवटी तोच भाव पंधरा दिवस कायम ठेवून ती कागद घेऊन अंबडला येईल असं ठरलं. निघताना भेटवस्तू मिळाली. एकोणीस वर्षांतलं माझं पहिलं बक्षीस. खोकं एस.टी.त उघडलं, तर आत न चिकटणारा तवा होता.

सभासदत्वाची रक्कम माझ्या वर्षभराच्या पगाराएवढी होती. नवऱ्याच्या पगारातून मुलांचं शिक्षण आणि घराचे हप्ते जायचे, म्हणून पैसे माझ्या फंडातून काढायचे ठरले. मी तयार होते. खरं सांगायचं तर मी आठ दिवस त्या खुर्चीतच बसून होते. वर्गात डोंगररांगा शिकवताना मुलींना मी दरीतल्या धुक्याचं असं काही वर्णन केलं की एकीनं विचारलं, बाई, तुम्ही कधी गेल्ता? मी तिला नकाशा भरायला लावला.

इकडे दादांनी बारीची वाटणी सुरू केली होती.

एका संध्याकाळी शाळेतून आले तर ते पाठीला लोड लावून बोटांवर मोजत होते. सात दिवस आहेत. दोन दिवस मंठ्याच्या पोराला, त्याचाही घरात हिस्सा आहे. दोन दिवस भोकरदनच्या लेकीला. एक दिवस गावाकडच्या भावांना, कारण विहिरीच्या बाबतीत त्यांनी आता आडकाठी ठेवलेली नाही. राहिले दोन, ते आपले. दादांच्या डोक्यात काहीही काळंबेरं नव्हतं. हिस्सा आला की तो वाटायचा असतो, आणि एकट्यानं सात दिवस पाणी घेणारा माणूस त्यांच्या लेखी चोर होता.

फोन सुरू झाले. दीर म्हणाला, दोन-दोन दिवस तुटक तुटक कशाला, सगळे मिळूनच सात दिवस जाऊ. नणंदेला तर रडूच आलं, इतकी वर्षं झाली, पण माहेरचं सुख असं असतं ते आज कळलं म्हणाली. सगळे मिळून सतरा जण झाले. मी म्हटलं, खोली चौघांची आहे. नवरा म्हणाला, खाली अंथरू. मी म्हटलं, एवढ्या माणसांचं जेवण? तर नणंद फोनवरून प्रेमानं म्हणाली, "किचन हाये की वहिनी. तुम्ही असल्यावर काय चिंता हाये?"

नवऱ्यानं त्या रात्री जेवणानंतर कागद काढला. आधी चौघांचा हिशेब केला होता तेव्हा सभासदत्व महाग पडत होतं आणि तो खट्टू झाला होता. आता सतरा माणसं, गुणिले सात दिवस, गुणिले पंचवीस वर्षं असं धरल्यावर माणशी रोजचा खर्च अंबडच्या लॉजपेक्षा कमी आला. गणित सुटल्यावर त्याचा चेहरा जसा उजळतो तसा उजळला. त्यानं कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, बघ, किती परवडतंय. गणित बरोबर होतं. त्यात खाणारे सतरा होते, करणारी किती हे कुठं धरलेलं नव्हतं.

मी उठले. तवा घासायला घेतला. त्याला काही चिकटत नव्हतं, त्यामुळे राग काढायलाही वाव नव्हता.

ठरल्या रविवारी ती बाई आली. जालन्याहून एस.टी.नं, भर दुपारी, तोच काळा कोट हातावर टाकून. अंगातून घामाच्या धारा. मी तिला आधी आत नेलं, तोंड धुवायला पाणी दिलं आणि पंख्याखाली पाटावर बसवलं. बाहेरच्या खोलीत दादा आणि नवरा कागद वाचत होते. चहाचं आधण ठेवताना मी तिला विचारलं,

"तुम्ही घेतलंय का हो, हे सभासदत्व?"

ती हसली. "आम्हाला सवलतीत मिळतं मॅडम. पण मे महिन्यात सीझन असतो ना, सुट्टीच मिळत नाही. आई म्हणते, एकदा तरी ने. तिला अजून फोटोच दाखवलेत."

"आणि जेवायचं काय करता? दौऱ्यावर असता तेव्हा?"

"सकाळी पाचला उठून करून ठेवते सगळ्यांचं."

मी आधणात साखर घातली. मग तिनं ओट्यावरचा तवा ओळखला आणि चांगला आहे ना, असं विचारलं. मी म्हटलं, चांगला आहे.

चहा घेऊन बाहेर आले. अर्जावर नवऱ्याची सही झाली होती. पैसे माझे असल्यामुळे माझी सही वरच्या रकान्यात हवी होती. नवऱ्यानं स्वतःच्या खिशातलं पेन टोपण काढून माझ्या हातात दिलं. दादा शेजारी ताठ बसले होते, खरेदीखताला साक्षीदार बसतात तसे.

मी पेन खाली ठेवलं. "मी सही करणार नाही."

"अगं, तूच तर म्हणत होतीस, कधी नव्हे ते जाऊ म्हणून," नवरा म्हणाला.

"म्हणत होते. अजून म्हणते. मला तिथं जायचंय, मला त्या खुर्चीत बसायचंय. पण पैसे भरायच्या आधीच तुम्ही सगळ्यांनी मला त्या खुर्चीतून उठवलं आणि ओट्याशी उभं केलं. माझ्या फंडातले पैसे भरून, सतरा माणसांचा स्वयंपाक करायला मी परगावी कशाला जाऊ? तो मी इथं करतेच आहे. फुकट."

दादांच्या समोर मी एवढ्या आवाजात कधी बोलले नव्हते. बशीत चहा सांडला होता. नवरा खाली बघत होता. कोटवाली बाई तर कागद आवरायच्या बेतात होती. मला वाटलं आता दादा उठून बाहेर जातील, आणि चार वर्षं बोलणार नाहीत.

दादा उठले नाहीत. माझ्याकडे न बघता, चहाच्या बशीकडे बघत त्यांनी विचारलं,

"लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?"

"एकोणीस," मी म्हटलं.

"या एकोणीस उन्हाळ्यात एक दिस तरी तुम्हाला सुट्टी भेटली का? बिनसैपाकाची?"

मी आठवून बघितलं. दोन बाळंतपणं माहेरी झाली होती, पण दोन्ही पावसाळ्यात. "नाही," मी म्हटलं.

दादांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि त्या बाईकडे वळले. "ताई, तुमची विहीर चांगली हाये. माझी काही तक्रार न्हाई. पण आमच्याच घरात एकोणीस बाऱ्या बुडाल्या अन् मला मालूमच न्हाई. आधी त्या भरून द्याव्या लागतील. नव्या विहिरीचं मंग पाहू."

तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण तिनं अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. मी तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. निघताना दारात ती थांबली, अल्बम उघडला, प्लास्टिकमधून गॅलरीचा फोटो काढला आणि माझ्या हातात दिला. दुसरा लावता येतो म्हणाली. तो मी स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दारावर आतून चिकटवला.

मला वाटलं होतं, बोलण्यावारी गेलं. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला पहाटे उठून स्वयंपाकघरात गेले तर दादा आधीच तिथं. कंबरेला टॉवेल, बाह्या वर, समोर कणकेचा डोंगर. त्यांनी मला हातानंच बाहेर जायला सांगितलं.

"आजपासून सात दिस तुमची बारी हाये. इकडं यायचं काम न्हाई."

दादांना स्वयंपाक येत नव्हता असं नाही. आमच्याकडे गावच्या भंडाऱ्याला बायका हात लावत नाहीत. कणकेचे जाड रोडगे थापायचे, ते गोवऱ्यांच्या आहारात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, वरण घोटायचं, सगळं पुरुष करतात, आणि दादा तिथले मुख्य आचारी. अडचण एवढीच की त्यांना शंभर माणसांच्या खाली स्वयंपाक येत नव्हता. पहिल्या दिवशी केलेलं वरण आम्ही खाल्लं, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी खाल्लं, शाळेच्या शिपायानं डबा भरून नेला, आणि तरी उरलं. गॅसवर रोडगे होत नाहीत म्हणून त्यांनी अंगणात आहार पेटवला. गल्लीतले लोक येऊन विचारून गेले, काय कार्यक्रम आहे?

नवऱ्यानं कुठूनशी वेताची खुर्ची मागून आणली आणि लिंबाखाली टाकली. समोर दरी नव्हती, शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती. माझ्याशी बोलायचे नियम दादांनी सगळ्यांना सांगून ठेवले होते. कोणती वस्तू कुठं आहे हे मला विचारायचं नाही. विचारणं म्हणजे बारीवाल्याच्या दंडातून, म्हणजे पाटातून, पाणी फोडून घेणं.

मला फार आनंद झाला असं लिहायला सोपं आहे. पहिले दोन दिवस मला नुसता राग येत होता. माझ्यावाचून अडतंय हे बघून राग, आणि अडत नाहीये हे बघून त्याहून जास्त. काही करपल्याचा वास आला की मी खुर्चीतून अर्धी उठायचे. आतून दादांचं खाकरणं ऐकू यायचं, की परत बसायचे. मोहरीचा डबा शोधताना नवऱ्यानं सगळे डबे उघडून जमिनीवर मांडलेले मला खिडकीतून दिसत होते, आणि मोहरी समोरच होती. मी ओठ दाबून वाचत बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी पुस्तक छातीवर ठेवून मला झोप लागली. जाग आली तेव्हा पाच वाजले होते, टेबलावर कप होता, आणि तो कुणी आणून ठेवला ते मला कळलं नव्हतं. तेव्हा मात्र मला खूप बरं वाटलं.

दीर आणि नणंदेला दादांनी फोनवरून सांगितलं होतं, "बारी चालू हाये. यायचं तर या, पण भाकरी थापता येती त्यानंच या." त्या आठवड्यात कुणी आलं नाही. पुढच्या आठवड्यात सगळे आले, आणि दिरानं पहिल्यांदा स्वतःचं ताट स्वतः उचललं. 

त्यानंतर दरवर्षी तसंच. मेचे पहिले सात दिवस माझे. सातव्या दिवशी संध्याकाळी दादा टॉवेल सोडून खुंटीला टांगायचे आणि म्हणायचे, इतक्या भरल्या, इतक्या राह्यल्या. सभासदत्व घेतलं नाही याची नवऱ्याला अधूनमधून चुटपुट लागायची. त्याच्या एका सहकाऱ्यानं तसलंच कुठलंसं घेतलं होतं. त्याला मे महिना कधी मिळाला नाही, पण तो जुलैत जाऊन धुक्यात बसून यायचा आणि खूश असायचा. मुलं शिकायला बाहेर पडली त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्हीही एकदा तीन दिवस डोंगरात जाऊन आलो, साध्या हॉटेलात. खुर्ची प्लास्टिकची होती. दरी मात्र भूगोलाच्या पुस्तकात आहे तशीच होती.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात दादा गेले. आजारपण फार नव्हतं. शेवटचे काही दिवस अंथरुणात असताना ते मला एकदा म्हणाले, "नऊच भरल्या सूनबाई. दहा राह्यल्या." मी म्हटलं, दादा, सोडा ते. ते म्हणाले, बुडालेली बारी सोडायची नसती.

पुढचा मे आला. मला काही अपेक्षा नव्हती. ते दादांचं होतं आणि दादांबरोबर गेलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. एक तारखेला पहाटे नेहमीसारखी उठले, केस बांधले आणि स्वयंपाकघराकडे वळले, तर दिवा लागलेला. नवरा ओट्याशी उभा होता. निवृत्तीला आलेला, पन्नाशी ओलांडलेला गणिताचा मास्तर, कंबरेला दादांचा तो खुंटीवरचा टॉवेल. समोर चिरलेली वांगी, तुकडे एक लहान, एक मोठा. फडताळाचं दार उघडं होतं आणि आतल्या फोटोचे रंग उडालेले दिसत होते.

मला बघून तो म्हणाला, "दहा राहिल्यात ना?" आणि मग त्याच दमात, "मीठ कुठं असतं गं?"

विचारलं आणि जीभ चावली. नियम त्याच्या लक्षात आला होता.

मीठ त्याच्या हाताशीच, दुसऱ्या फळीवर होतं. मी सांगितलं नाही. अंगणात जाऊन लिंबाखालच्या खुर्चीत बसले, आणि दादा गेल्यावर जे रडू आलं नव्हतं ते तिथं आलं. आत डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज येत राहिले, बराच वेळ. मी उठले नाही.

दुपारी त्यानं ताट वाढून बाहेर आणून दिलं. वांग्याची भाजी अळणी झाली होती. मी दोनदा मागून घेतली.